खांद्याची कंडरा आणि शस्त्रक्रियेनंतरचे वर्ष

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेच्या निमित्ताने भरलेल्या देणगीदार व रुग्ण-कुटुंबीयांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात जमाखर्चाचे निवेदन करण्याचे काम आमच्याकडे असते. यंदा अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने आम्ही एकाच विकाराविषयी बोलणार आहोत. तो विकार म्हणजे खांद्याची कंडरा फाटणे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकातील अधिकार आमचा नव्हे. आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांनी जे समजावून सांगितले, तेच आपल्यापुढे ठेवीत आहोत. परंतु या विकाराने आमच्या हिशेबाच्या पद्धतीतील एक उणीव उघड केली, आणि ती सांगण्याची जबाबदारी मात्र आमचीच आहे.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे नर्मदाकाठचे गाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. राज्यातील पहिले मतदान केंद्र म्हणून निवडणुकीच्या दिवसांत या गावाचे नाव वृत्तपत्रांत येते. सरदार सरोवराच्या पाण्याची झळ महाराष्ट्रात प्रथम याच गावाला लागली. १९९३ च्या पावसाळ्यात पाणी घरांपर्यंत आले. २०१७ साली धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीचे झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. जी कुटुंबे गावात राहिली, ती डोंगराच्या उतारावर वर सरकली. तेथे जाण्यायेण्यासाठी डोंगरवाट आहे आणि पाणी आहे. डोंगरवाटेने रुग्ण न्यावयाचा तर बांबूला झोळी बांधून, आणि पाण्याने न्यावयाचा तर होडीतून. याच तालुक्यातील चिमलखेडी येथील अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी २०२० साली, साथीच्या काळात, १८ किलोमीटर होडी वल्हवून बालकांपर्यंत व गरोदर मातांपर्यंत आहार पोहोचविला, हे वृत्त आपण वाचले असेल. मोळी डोक्यावर चढविणे, पाण्याचा हंडा उचलणे, जाळे ओढणे, वल्हे मारणे, ही येथील रोजची कामे. शहरातल्या माणसाचा खांदा दुखला तर त्याची गैरसोय होते; नर्मदाकाठच्या माणसाचा खांदा गेला तर त्याची वाटही बंद होते आणि चूलही.

आता एका रुग्णाची हकिकत सांगतो. त्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीनेच ती सांगत आहोत; ते आज या सभागृहात उपस्थित आहेत. मणिबेलीच्या एका पाड्यावरील हे पन्नाशीचे गृहस्थ शेती करतात आणि होडी चालवितात. दोन वर्षांपूर्वी होडी काठाला ओढताना ओल्या खडकावरून त्यांचा पाय घसरला. दोर हातात तसाच राहिला आणि साऱ्या देहाचा भार उजव्या खांद्यावर आला. घरी तेल चोळणे झाले, शेक झाला. वात आला असे समजून दोन महिने गेले. हात वर जाईना आणि रात्री झोप लागेना, तेव्हा ते आपल्या रुग्णालयात आले. तपासणीत कंडरा हाडापासून सुटल्याचे आढळले. शस्त्रक्रिया झाली, टाके स्वच्छ राहिले, चौथ्या दिवशी त्यांना घरी सोडण्यात आले. आमच्या नोंदवहीत दोन वाक्ये लिहिली गेली : ‘शस्त्रक्रिया यशस्वी. सहा आठवड्यांनी दाखविणे.’ खर्च निर्धन रुग्ण निधीतून टाकण्यात आला, आणि आमच्या दृष्टीने ते प्रकरण बंद झाले.

सहा आठवड्यांनी ते आले नाहीत. आम्हीही विचारले नाही.

हकिकत पुढे नेण्यापूर्वी या विकाराचे स्वरूप समजून घेऊ. खांदा हा उखळीचा सांधा, असे आपण शाळेत शिकलो. मात्र खांद्याची उखळ फार उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात खोल बसत नाही, टेकून राहतो. म्हणूनच हात चहूकडे फिरतो. हा माथा जागेवर धरून ठेवण्याचे काम चार स्नायू करतात. पाठीच्या खवाट्यापासून निघून त्यांच्या कंडरा माथ्याभोवती टोपीसारख्या एकत्र येतात. स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा म्हणजे कंडरा. या चौघांच्या टोपीला डॉक्टर ‘रोटेटर कफ’ म्हणतात. त्यांतली वरच्या बाजूची, सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूची कंडरा सर्वांत अधिक वेळा फाटते, आणि तीही बहुधा हाडाला चिकटते त्याच ठिकाणी.

फाटण्याची कारणे दोन प्रकारची. पहिले कारण म्हणजे अपघात : पडणे, झटका बसणे, खांदा निखळणे. दुसरे म्हणजे झीज. वयाबरोबर कंडरेचा रक्तपुरवठा व लवचीकपणा कमी होतो आणि तिचे धागे एकेक करून तुटू लागतात. डोक्याच्या वर हात नेऊन वर्षानुवर्षे केलेले जड काम, धूम्रपान आणि मधुमेह यांनी ही झीज वाढते. पुष्कळदा झिजलेल्या कंडरेवर एखादा लहानसा झटका येतो आणि ती सुटते. रुग्णाला मात्र तो झटकाच तेवढा आठवतो.

कुटुंबीयांनी लक्षात ठेवावे असे काही येथे सांगणे उचित होईल. त्या कुशीवर झोपता न येणे, केस विंचरताना किंवा फळीवरचा डबा काढताना हात वर न जाणे, आणि उचललेला हात तसाच धरून ठेवता न येणे, ही मुख्य लक्षणे. ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणजे आखडलेला खांदा, हा निराळा विकार. त्यात दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही. कंडरा फाटलेली असेल तर दुसऱ्याने उचलल्यास तो बहुधा वर जातो, पण रुग्णाला स्वतःच्या बळावर तेथे टिकविता येत नाही. साध्या क्ष-किरण छायाचित्रात कंडरा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. लागते. पडल्यानंतर हात एकाएकी उचलेनासा झाला, तर दिवस न दवडता यावे. कारण फार काळ सुटी राहिलेली कंडरा मागे आखडते, तिच्या स्नायूत चरबी भरू लागते, आणि एकदा भरलेली चरबी शस्त्रक्रियेनेही जात नाही.

उपचारांची वाट मात्र प्रत्येकाची एक नाही. झिजेने हळूहळू फाटलेल्या कंडरेसाठी प्रथम वेदनाशामक औषधे आणि पद्धतशीर व्यायाम दिले जातात. उरलेले स्नायू बळकट झाले की पुष्कळ रुग्णांचा हात कामास लागतो. अमेरिकेतील एका पाहणीत अशा ४५२ रुग्णांना व्यायाम शिकविण्यात आला, आणि दोन वर्षांत त्यांपैकी पाव हिश्शाहूनही कमी रुग्णांनी शस्त्रक्रिया स्वीकारली. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो. परंतु ते पुनःपुन्हा घेणे कंडरेस हितकारक नाही. कामकरी वयाच्या माणसाची कंडरा अपघाताने फाटली असेल, तर मात्र ती लवकर जोडणे श्रेयस्कर मानले जाते. शस्त्रक्रियेत हाडात बारीक खिळ्यासारखे आधार बसवून त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा पुन्हा हाडाशी बांधतात. त्यानंतर सुमारे चार ते सहा आठवडे हात स्लिंगमध्ये, सुमारे तीन महिने ओझे नाही, आणि जड कामास चार ते सहा महिने. टाके घालण्यास जेमतेम दोन तास लागतात; कंडरा हाडाला धरण्यास महिने लागतात. हे महिने रुग्णाच्या घरी जातात, रुग्णालयात जात नाहीत.

येथेच संशोधनापुढील अडचणी सुरू होतात. पहिली अशी, की फाट आणि वेदना यांचा मेळ बसत नाही. जपानमधील एका खेड्यात सरसकट सर्वांचे खांदे सोनोग्राफीने तपासण्यात आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ६६४ रहिवाशांपैकी १४७ जणांची कंडरा पूर्ण फाटलेली आढळली, आणि त्यांतल्या ९६ जणांना काहीही त्रास नव्हता. मग चित्रात दिसणारी प्रत्येक फाट शिवावी काय, हा प्रश्न उरतोच.

दुसरी अडचण अशी, की जोडलेली कंडरा पुष्कळदा पुन्हा सुटते. निसर्गाने घडविलेली हाड-कंडरेची जोडणी पुन्हा तशीच तयार होत नाही. त्या जागी व्रणाची ऊती येते व ती तुलनेने कमकुवत असते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या फाटीच्या १८ रुग्णांपैकी १७ जणांची कंडरा पुन्हा सुटलेली आढळली. तरीही पहिल्या वर्षी त्यांतील बहुतेकांची वेदना कमी झाली होती. चित्र एक सांगते आणि माणूस दुसरे.

तिसरी अडचण, कोणता उपचार श्रेष्ठ हे ठरविण्याची. फिनलंडमध्ये ५५ वर्षांवरील, अपघाताविना फाट झालेल्या रुग्णांत व्यायाम आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. दोन वर्षांनी गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. नॉर्वेत १०३ रुग्णांची अशीच तुलना झाली. तेथे आरंभीची वर्षे फरक लहान होता, पण दहा वर्षांनी तो शस्त्रक्रियेच्या बाजूने वाढलेला आढळला. म्हणजे दोन वर्षांनी थांबणाऱ्यास एक उत्तर मिळते आणि दहा वर्षे धीर धरणाऱ्यास दुसरे. ब्रिटनमधील २७३ रुग्णांच्या अभ्यासात दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि उघडी शस्त्रक्रिया यांच्या दोन वर्षांनंतरच्या परिणामांत फरक आढळला नाही. महागडी यंत्रे नसलेल्या आपल्यासारख्या रुग्णालयास ही दिलासा देणारी गोष्ट आहे. उलट, सांध्यात फुगा बसविण्याचा एक नवा उपाय मोठ्या अपेक्षेने पुढे आला होता. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फुग्याविना केलेल्या साध्या शस्त्रक्रियेपेक्षाही त्याचे परिणाम कमी प्रतीचे ठरले. नवे ते सारे हितकारक असतेच असे नाही, हे देणगीदारांनी आणि आम्हीही ध्यानात ठेवावे.

चौथी अडचण आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे सारे अभ्यास ज्या देशांत झाले, तेथील पुष्कळ रुग्णांना पगारी रजा मिळते आणि व्यायाम शिकविणारा तज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतो. मणिबेलीच्या रुग्णास त्यांतले काहीच नाही. त्याच्यासाठी कोणता उपचार हिताचा, हे फिनलंडच्या आकड्यांवरून ठरविता येणार नाही. त्यासाठी त्याच्याच घरी वर्षानंतर जाऊन पाहावे लागेल.

आता राहिलेली हकिकत. गेल्या वर्षी होळीच्या सुमारास आपले पथक मणिबेलीस गेले होते. काठावर उतरल्यावर परिचारिकेने त्या गृहस्थांना ओळखले. ते होडीत बसले होते. वल्हे त्यांची चौदा वर्षांची मुलगी मारीत होती. दिवाळीच्या सुटीनंतर ती आश्रमशाळेत परतली नव्हती. चौकशी करता कळले, की बाराव्या दिवशीच त्यांनी स्लिंग काढले होते. पेरणीचे दिवस होते. पथकासोबतच्या आशा कार्यकर्तीने त्यांचे म्हणणे मराठीत सांगितले, ‘हात गळ्यात बांधून बसलो असतो, तर पेरलं कोणी असतं?’ आम्ही दिलेला व्यायामाचा छापील कागद घरात जपून ठेवलेला होता. तो मराठीत होता. त्या घरची बोली भिली आणि वाचणारी एकटी ती मुलगी. तिलाही त्यातले ‘स्कंधास्थी’ आणि ‘परिभ्रमण’ हे शब्द कळले नव्हते.

त्यांना पुन्हा रुग्णालयात आणून सोनोग्राफी केली. कंडरा पुन्हा सुटली होती. रात्रीची वेदना पूर्वीपेक्षा कमी होती, परंतु हात खांद्याच्या वर जात नव्हता. आणि आमच्या वहीत, मंडळी, ती शस्त्रक्रिया ‘यशस्वी’ अशीच होती.

यात दोष रुग्णाचा नाही. दोष शल्यचिकित्सकांचाही नाही. त्यांचे काम चोख होते. दोष आमच्या नोंदवहीचा आहे, कारण तिचा शेवटचा रकाना रुग्ण दारातून बाहेर पडला की संपतो.

ही गोष्ट आमच्या तज्ज्ञांना सांगितली, तेव्हा त्यांनी एक नाव सांगितले : बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन. फाटलेल्या सुप्रास्पायनेटस कंडरेच्या शस्त्रक्रियेवर त्यांनी १९११ साली लेख लिहिला, आणि १९३४ साली खांद्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. परंतु त्यांचा खरा आग्रह निराळा होता. प्रत्येक रुग्णाचा निदान एक वर्ष मागोवा घ्यावा, उपचाराचा शेवट काय झाला ते लिहावे, बिघडले असेल तर का बिघडले तेही लिहावे, आणि ते जाहीर करावे, असे ते म्हणत. स्वतःच्या लहानशा रुग्णालयातील १९११ ते १९१६ या काळातील ३३७ रुग्णांचा असा हिशेब त्यांनी स्वखर्चाने छापला आणि त्यात १२३ चुका नमूद केल्या. हा आग्रह त्यांच्या समकालीनांना रुचला नाही. आम्हा हिशेबनिसांना मात्र तो चटकन पटतो. वर्षअखेरीस शिल्लक न पाहता व्यवहार नफ्याचा म्हणून लिहिणारा मुनीम कोणती पेढी ठेवील?

म्हणून विश्वस्त मंडळाच्या मान्यतेने यंदापासून पुढील गोष्टी आम्ही आरंभिल्या आहेत.

खांद्याच्या प्रत्येक रुग्णाच्या नोंदीला सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष असे चार नवे रकाने जोडले आहेत. प्रत्येक वेळी तीन साधे प्रश्न विचारावयाचे : त्या कुशीवर झोप लागते काय, हात डोक्यापर्यंत जातो काय, आणि पूर्वीचे काम सुरू झाले काय. ‘यशस्वी’ हा शब्द चौथ्या रकान्यापूर्वी लिहावयाचा नाही.

रुग्णाने आमच्याकडे येण्याऐवजी आमच्या पथकाने त्याच्या पंचांगानुसार जावे, असे ठरविले आहे. पावसाळ्यानंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. ‘सहा आठवड्यांनी या’ या वाक्याला त्यांच्या लेखी अर्थ नसतो. पण भोंगऱ्या बाजाराला आणि होळीला माणूस गावी परततोच. पथकाची एक फेरी त्या दिवसांत आणि दुसरी पेरणीनंतर ठेवली आहे. व्यायामाचा कागद आता चित्रांचा आहे, आणि त्यातील सूचना भिलीत ध्वनिमुद्रित करून कुटुंबातील कोणाच्या तरी मोबाइलमध्ये भरून दिल्या जातात, म्हणजे नेटवर्क नसले तरी ऐकता येतात. पाड्यावर सोनोग्राफी मात्र तूर्त नेता येत नाही. गर्भलिंग निदानास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने पोर्टेबल यंत्राच्या वापरावर बंधने आहेत आणि फिरत्या पथकासाठी स्वतंत्र नोंदणी लागते. त्या बंधनांमागील हेतू योग्य आहे. म्हणून आडवाट न शोधता रीतसर नोंदणीचा अर्ज करीत आहोत.

शेवटची गोष्ट पैशाची, आणि तीच सर्वांत अवघड. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूस ठेवतात. तो निधी रुग्णाच्या उपचाराच्या बिलासाठी आहे. बिल शून्य झाले तरी सहा आठवड्यांची पेरणी, मजुरी आणि परत येण्याचे भाडे घरावर पडतेच, आणि त्या भाराने आपण जोडलेली कंडरा पुन्हा सुटते. या निमित्ताने ‘विश्रांतिकाल साहाय्य’ असा वेगळा निधी उभारण्याची विनंती आम्ही देणगीदारांना करीत आहोत. त्यातून रुग्णाच्या घरी शेतीसाठी एक माणूस लावण्याची मजुरी आणि येण्याजाण्याचे भाडे द्यावयाचे. शस्त्रक्रियागृहावर आपल्या नावाची पाटी लागते. या निधीला पाटी लावण्यासाठी भिंत नाही. तरीही, आमच्या हिशेबाप्रमाणे, शस्त्रक्रियेवर खर्चलेला रुपया याच रुपयाने वाचतो.

त्या गृहस्थांवर पुन्हा शस्त्रक्रिया न करता व्यायामोपचार सुरू केला आहे. ते दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा भाडे रुग्णालयाने दिले. वल्हे अजून पूर्वीसारखे मारता येत नाही आणि कदाचित येणारही नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले आहे. गेल्या जूनमध्ये मुलगी आश्रमशाळेत परत गेली. होडीवर आता पुतण्या असतो.

पुढील वार्षिक अहवालात खांद्याच्या रुग्णांचे चारही रकाने छापले जातील. ज्यांत अपयश आले तेही, आणि ज्यांचा मागोवा लागला नाही त्यांची संख्याही. तो तक्ता वाचून आपणांपैकी काहींना वाईट वाटेल. तरीही तो वाचावा आणि आम्हाला प्रश्न विचारावेत, ही नम्र विनंती.